रोशन नंदेश्वरचा बाप

तुमचं पोरगं परक्या देशाची जर्सी घालून आपल्याच देशाविरुद्ध मैदानात उतरलं, तर तुम्ही टाळी कुणासाठी वाजवाल?

घाई करू नका. टपरीवर या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांजवळ तयार असतं, कारण टपरीवर बसलेल्या कुणाचंच पोरगं खेळत नसतं. आमच्या मरोद्यात, भिलाईच्या पोलाद प्लांटजवळच्या वस्तीत, एका माणसाला मात्र हे उत्तर खरोखर द्यावं लागलं. त्या माणसाचं नाव आनंदराव नंदेश्वर.

आनंदरावांचे वडील महाराष्ट्रातल्या साकोलीकडचे. भिलाईत भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा पायाची माती उपसायला आले आणि परत गेले नाहीत. वर रशियन इंजिनिअर नकाशे धरून उभे आणि खाली खड्ड्यात हा माणूस. म्हातारा सांगायचा, रशियन लोक उन्हानं टमाट्यासारखे लाल व्हायचे, पण भट्टीला काही झालं तर स्वतःच्या घराला आग लागल्यासारखे धावायचे. ‘आपली भट्टी’ म्हणायचे. तुम्ही नेमके कुणाचे, असं त्यांना कुणी विचारलं नाही. काम होत होतं ना, बस.

आनंदराव प्लांटच्या कोक ओव्हनला, कोळसा भाजायच्या भट्टीवर लागले. जिथं बुटाचा तळ तापून पाय उचलून उभं राहावं लागतं तिथं माणूस जन्मभर उभा राहिला. पण मरोद्यात त्यांची ओळख प्लांटची नाही, अंपायरची. रविवारी मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा व्हायच्या आणि दोन्ही टीम एकाच नावावर राजी व्हायच्या. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात खडूचा तुकडा. एकदा बोट वर गेलं की मग आमदाराचा भाचा असो की ठेकेदाराचा पोट्टा, चालू लागायचं. स्वतःच्या पोराला फायनलमध्ये रनआउट दिलं होतं त्यांनी. त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, शालूवहिनींनी, भाजीत मीठ टाकलं नाही आणि आनंदरावांनी तीच भाजी मुकाट्यानं खाल्ली.

त्यांच्या मैदानाचा एक कायदा होता, कुठंच न लिहिलेला. मॅचच्या आधी खेळाडूला वाईट बातमी द्यायची नाही. देवराव म्हणून ओपनर होता. तो बॅटिंग करत असताना त्याची आई दवाखान्यात गेल्याची खबर आली. आनंदरावांनी खबर आणणाऱ्याला तंबूत बसवून ठेवलं, देवराव आउट होईपर्यंत. मग खांद्याला धरून त्याला बाजूला नेलं. देवराव त्यांच्यावर कधी रागावला नाही. मी असते तर थोबाडीत दिली असती. पण मैदानावरच्या लोकांची रीत वेगळी. त्यांना वाटतं, खेळ संपेपर्यंत जग थांबवून धरता येतं.

रोशन त्यांचा थोरला. डावखुरा, फिरकी टाकणारा. पोरानं हातातून सोडलेला चेंडू हवेत जरा वेळ विचार करायचा, असं वाटायचं. राज्याच्या शिबिरात गेला, निवड झाली नाही. ती मैदानावरची गोष्ट, तिच्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. कुरकुर नोकरीपाशी सुरू झाली. जातीचा दाखला पाहिजे, आणि दाखल्यासाठी घराणं एकोणीसशे पन्नासच्या आधीपासून इथलंच, या राज्यातलंच असल्याचा कागद पाहिजे. पन्नास साली प्लांटच नव्हता तर आमचे म्हातारे इथं काय झक मारायला येणार होते? साकोलीला गेलं तर तिथले म्हणतात, जन्म भिलाईचा, तिकडंच बघा. इकडून तिकडं, तिकडून इकडं. या हेलपाट्यात आमच्या वस्तीतल्या पोरांची उमर निघून गेली आहे. मी त्यासाठी धरणं धरलं आहे, लाठी खाल्ली आहे. ती कथा इथं नको. तोंड कडू होतं.

तर रोशन आखातात गेला. देशाचं नाव मी लिहीत नाही, पोरगं अजून तिथंच पोट भरतं. एका कंपनीच्या गोदामात कामाला लागला. कंपनीची क्रिकेट टीम होती. सुट्टीच्या दिवशी चेंडू टाकता टाकता तो तिथल्या लोकांच्या नजरेत भरला. नियमाप्रमाणे तिथं काही वर्षं राहिलं की त्या देशाकडून खेळता येतं. त्याची वर्षं भरली आणि तो त्या देशाच्या टीममध्ये आला.

आता पुढचं नीट वाचा, कारण हे मी मरोद्यात शंभरदा सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही. रोशनचा पासपोर्ट भारताचाच आहे. तो तिथला नागरिक झाला नाही आणि होऊही शकत नाही, ते लोक देत नाहीत. खांदा निखळला की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला. ज्या देशाचं गाणं तो मैदानात छातीवर हात ठेवून ऐकतो, तो देश त्याला त्याच महिन्यात विमानात बसवून देईल. म्हणजे तिथं तो पाहुणा आणि इथं गद्दार. नंदेश्वरांच्या घराला तिसऱ्या पिढीतही कागद पुरा पडला नाही.

पण गद्दार हा शब्द नंतरचा. आधी फ्लेक्स लागला.

भिलाईत कुणाचंही भलं झालेलं फ्लेक्स लागल्याशिवाय खरं मानत नाहीत. दहावीत मार्क पडो, साखरपुडा होवो, मामा युनियनमध्ये निवडून येवो, चौकात फ्लेक्स पाहिजे. आणि फ्लेक्सवर ज्याचं कौतुक आहे त्याच्याखाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग पाहिजे. रोशनचा फ्लेक्स गोलूनं लावला. गोलू आमच्याच गल्लीत वाढलेला, मराठीच, आनंदरावांच्या अंपायरिंगमध्ये खेळलेला. आता हुडको कॉलनीत जिम चालवतो आणि पार्षदकीच्या, म्हणजे नगरसेवकपदाच्या तिकिटासाठी नेत्यांच्या मागे फिरतो. मरोद्याच्या वळणावर फ्लेक्स लागला. परक्या देशाच्या जर्सीत रोशन, वर लिहिलेलं, ‘भिलाई का बेटा, विदेश में डंका.’ खाली फोटोंच्या रांगेत सगळ्यात मोठा गोलू, कपाळावर गॉगल, हात जोडलेले. बघणाऱ्याला वाटावं, रोशन त्याच्याच पोटी जन्मला.

आनंदराव रोज सकाळी फिरायला त्याच वळणावरून जायचे. मी विचारलं, “भाऊ, तळ्याकडचा रस्ता सोडला का?” तर म्हणाले, “इकडं हवा चांगली हाय, बेबीताई.” इकडं ट्रकांची धूळ आहे. हवा काय चांगली असणार.

मग मोठ्या स्पर्धेचे गट जाहीर झाले. रोशनचा देश आणि भारत एकाच गटात.

पहिल्या दिवशी लोक हसले. “काका, आता कोणाकडून?” आनंदराव म्हणायचे, “अंपायर कोणाकडून नसते रे.” दुसऱ्या कुणी टोपी उडवली, तिसऱ्यानं पाठ थोपटली. मग कुणीतरी, गोलूच्याच तिकिटावर डोळा असलेल्या कुणीतरी, त्या फ्लेक्सचा फोटो काढला, गोलूच्या तोंडाभोवती लाल गोल ओढला आणि खाली लिहिलं, ‘गद्दार का यार.’ तो फोटो फोनाफोनांतून वरपर्यंत पोचला. वरून गोलूला विचारणा झाली.

भीती पाण्यासारखी असते. वरच्या गल्लीत सोडली की खालच्या गल्लीत साचते.

सकाळी फिरायला जाणारे सोबती एकेक करून रस्ता बदलू लागले. किराणावाला बोलायचा, पण आनंदरावांकडे न बघता तराजूकडे बघून. विहारात रविवारी वंदना झाल्यावर कमिटीतले एक जण त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, “भाऊ, सध्या जरा मागं बसत जा. उगीच नजर नको.” माझं डोकं फिरलं. मी तिथंच विचारलं, “बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून हे बोलून राहिले तुम्ही?” आनंदरावांनी माझा हात धरला आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसले. आपल्याच माणसांनी मागं सरकवलं की माणूस वाद घालत नाही. नुसता सरकतो.

आणि एका सकाळी फ्लेक्सला भोकं दिसली. फाडला नव्हता. ब्लेडनं, कडेकडेनं, सावकाश कापून रोशनचा चेहरा काढून घेतला होता. जर्सी तशीच, वर मान आणि मानेवर मागचं आभाळ. आणि खालच्या रांगेत आणखी एक चौकोनी भोक. तिथं गोलू होता. एक चेहरा रागानं नेला, दुसरा मालकानं स्वतःच उचलून नेला. आनंदराव खाली उभे राहून बघत होते. मी म्हटलं, “काढून टाकू भाऊ, मी शिडी आणते.” ते म्हणाले, “राहू दे. ज्यानं लावला तो काढीन.”

ज्यानं लावला तो शुक्रवारी संध्याकाळी घरी आला. मॅच रविवारी होती.

मी तिथंच होते, शालूवहिनींसोबत मेथी निवडत. गोलू आत आला, आनंदरावांच्या पाया पडला. सोबत हर्षल म्हणून एक पोरगा, हातात मोठा फोन. गोलूनं समोश्यांची पुडी टेबलावर ठेवली.

“काकू, चाय मत बनाना, आत्ताच पिऊन आलो.”

“मी कोठी उठली?” शालूवहिनी मेथीवरून मान न उचलता म्हणाल्या.

गोलू हसला. खुर्ची ओढून आनंदरावांच्या गुडघ्याजवळ बसला. “काका, मले वरून फोन आला. म्हणे, वो लड़का तुम्हारा है क्या? मी काय सांगू?”

“सांग, मरोद्याचा हाय.”

“तेच तर लफडं हाय ना काका. देखो, मी काय दुश्मन हाय का तुमचा? तुमच्या हाताखाली खेळलो. मले तुमी एकदा चुकीचं आउट देल्लं, तरी मी काही बोललो का?”

“चुकीचं नव्हतं. बॅट लागली होती.”

“बरं, लागली होती. दो लाइन बोलनी है बस. हर्षल शूट करीन. ‘रोशन से मेरा कोई रिश्ता नहीं. मेरे लिए पहले देश है.’ खतम. मॅच होऊन जाईन, पब्लिक विसरून जाईन.”

मी मेथीची जुडी खाली ठेवली. “गोलू, तिकडं परदेशात आपल्या वंशाचा कोणी मंत्री झाला तवा तुझ्या जिमवर फ्लेक्स कोणी लावला होता? तो त्या देशाची शपथ घेते त तुले अभिमान, अन् रोशन त्या देशासाठी चेंडू टाकते त गद्दार? हा कोणचा हिशेब हाय?”

“बेबीताई, भाषण चौकात. इथं घरची गोष्ट चालू हाय.”

“घरची हाय त घरच्यायले बोलू दे,” शालूवहिनी म्हणाल्या. “तू कोणच्या घरचा?”

गोलूनं खुर्ची मागं सरकवली. खिडकीतून बाहेर बघितलं. दिवेलागण होत आली होती, प्लांटकडचं आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं.

“साक्षी नाई आली अजून?” तो म्हणाला. “रसमड्याहून येते ना, स्कूटीवर? आता अंधार लवकर पडते. अन् त्या फॅक्टऱ्यांच्या मागं तर लाइट बी नाई. मी पोट्ट्यांना सांगून ठेवलंय, बहन है अपनी, ध्यान रखना.” मग आवाज जरा खाली आणून, जणू त्यालाच वाईट वाटत असावं असा, “पण काका, सगळे पोट्टे माझ्या हातात थोडीच हायत.”

साक्षी म्हणजे रोशनची धाकटी बहीण. रसमड्याच्या एका कारखान्यात ऑफिसात काम करते, रोज संध्याकाळी एकटी येते.

समोश्यांचं तेल पुडीच्या कागदावर पसरत होतं. आनंदराव हातांकडे बघत राहिले. तेवढ्यात फाटकाशी स्कूटी वाजली. गोलू आमच्या सगळ्यांच्या आधी उठला, बाहेर गेला आणि तिच्यासाठी फाटक उघडून धरलं. “आओ बहन, आज देर कर दी?” साक्षी हसली. लहानपणापासून ओळखत होती त्याला. तिला काय माहीत.

आनंदराव दारात आले. “रविवारी सकाळी ये,” ते गोलूला म्हणाले. “पण एक गोष्ट. मॅच होईस्तोवर तो व्हिडिओ कोठी जायले नाई पाहिजे. मॅच झाल्यावर टाक.”

“पक्का काका. मां कसम.”

तो गेल्यावर शालूवहिनी नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. “पोराले तोंडानं नाकारशान?”

“तोंडानंच. दुसऱ्या कशानं नाई.”

“अन् त्यानं खरं मानलं त?”

“मॅच झाली का मीच फोन करतो. समजावून सांगतो. समजते त्याले.”

मी म्हटलं, “भाऊ, आताच सांगा. आज. आत्ता. त्याला माहीत राहू द्या.”

“मॅचच्या आधी नाई.”

“हे काय मरोद्याचं ग्राउंड हाय का?”

“खेळाडू कोठीही खेळाडूच असते, बेबीताई. हे डोक्यात घेऊन तो रनअप घेईन का? भारताविरुद्ध? त्याच्या जिंदगीची मॅच हाय.”

मी पुष्कळ बोलले. माझा आवाज शेजारच्या गल्लीपर्यंत जातो, पण त्या माणसाच्या कानापर्यंत गेला नाही. त्यांनी बोट वर केलं होतं.

शनिवारी मी त्यांना न विचारता पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “समोसे लेकर आया, पैर छुए, बोला बहन का ध्यान रखेंगे. इसमें धारा कौन सी लगाऊं?” मी म्हटलं, धमकीचं कलम लावा. तो म्हणाला, “आवाज ऊंची थी?” नव्हती. हीच तर गंमत आहे. मी उठले तेव्हा त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, “वैसे आप लोग मूल रूप से कहां के हो?” जे मी त्याला उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण अर्ज त्यानं घेतला नाही.

त्याच संध्याकाळी रोशनचा फोन आला. व्हिडिओ कॉल. हॉटेलच्या पांढऱ्या उशीला टेकून बसलेलं पोरगं, दाढी वाढवलेली. आनंदरावांनी फोन हातभर लांब धरला होता, म्हणून मलाही दिसत होतं.

“बाबा, पिच कोरडं हाय. टर्न होईन.”

“मंग घाई करू नको. चेंडू वर सोड.”

“तिकडं लोक काही म्हणून राहिले का?”

“काय म्हणतीन? खूश हायत.”

“फ्लेक्स हाय का अजून?”

“हाय ना,” आनंदराव म्हणाले. “तेथीच हाय.”

रोशन उशीवरून पुढं सरकला. “बाबा, तुमाले वाटत असन त मी खांदा दुखते म्हणून सांगतो. नाई खेळत.”

शालूवहिनींनी पदर तोंडाला लावला. आनंदरावांच्या एका शब्दात सगळं मिटलं असतं. रोशन बसला असता, गोलूला व्हिडिओची गरज उरली नसती, फक्त दुखऱ्या खांद्याचं म्हणून कंपनीनं पोराला कधी ना कधी परत पाठवलं असतं. ते एवढंच म्हणाले, “खांदा दुखते का?”

“नाई.”

“मंग खेळ.”

रविवारी सकाळी व्हिडिओचं शूटिंग झालं. गोलूनं मागं लावायला तिरंगा आणला होता. आनंदरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांनी तिरंग्याकडे बघितलं आणि त्याचा एक कोपरा जमिनीला लागत होता तो उचलून नीट खोचला. गोलूच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

पहिल्यांदा बोलले तर आवाज दबका आला. “काका, थोडा जोर से.” दुसऱ्यांदा बोलले तर मध्येच गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. “काका, एक बार और.” आपलं पोरगं आपलं नाही, हे त्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं, गाण्याची रंगीत तालीम घेतात तसं. शेवटच्या वेळी त्यांनी इतकं स्वच्छ सांगितलं की हर्षलनं फोन खाली केला आणि जमिनीकडे बघू लागला. आत स्वयंपाकघरात शालूवहिनींनी नळ सोडून ठेवला होता. भांडी नव्हतीच घासायला.

दुपारी मैदानात मोठा पडदा लागला. नंदेश्वरांच्या घरापासून मैदान दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही दार लावून बसलो होतो, टीव्ही चालू आणि आवाज बंद. टॉस उडाला आणि साक्षीचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग थांबेचना.

गोलूनं व्हिडिओ टाकला होता. टॉसच्या वेळी लोकांच्या हातात सगळ्यात जास्त फोन असतात, एवढं त्याला कळतं. मां कसम.

आनंदरावांनी साक्षीच्या हातातून फोन घेऊन रोशनला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मॅचच्या दिवशी खेळाडूंचे फोन जमा करून घेतात, सट्टेवाल्यांच्या भीतीनं. अंपायरला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी तरी लावला, लावत राहिले, आणि टीव्हीवर रोशन मैदानात उतरताना दिसला, छातीवर हात ठेवून.

ती मॅच आम्ही डोळ्यांनी पाहिली पण खरी कळली कानांनी. पडद्यासमोरच्या गर्दीचा आवाज भिंतीतून यायचा. रोशनला षटकार बसला की शिट्ट्या, शिव्या, ढोल. मग एकदा आवाज आलाच नाही. टीव्हीकडे बघायच्या आधीच आम्हाला कळलं की पोरानं विकेट काढली. साधीसुधी नाही, ज्याच्यासाठी गर्दी जमली होती त्याची. एवढ्या माणसांच्या गप्प बसण्याची मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि मी मोर्चे पाहिले आहेत. आनंदरावांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला, टाळीसाठी की कशासाठी कोण जाणे, आणि तसाच परत खाली आला.

भारत आरामात जिंकला. मिरवणूक नंदेश्वरांच्या फाटकाशी थांबली आणि फटाक्यांची लड फाटकालाच बांधून पेटवली. धूर घरात आला. कुणी काही बोललं नाही, कुणी दगड मारला नाही. ठाण्यातला साहेब म्हणाला असता, यात धारा कोणती लावू.

रोशनला फोन परत मिळाला तेव्हा त्यात बापाच्या कॉलच्या आधी शेकडो लोकांनी पाठवलेला बापच बसलेला होता. त्याचा एक मेसेज आला. ‘पाहिला. ठीक हाय, बाबा.’

त्यानंतर त्यानं फोन उचललेला नाही. शालूवहिनी रोज लावतात. साक्षीनं पानपानभर लिहिलं, ते पोचल्याची खूणही उमटत नाही. आता तो नंबरच बंद आहे. स्पर्धेच्या शेवटी तिकडच्या एका वाहिनीवर त्याची मुलाखत झाली. आधी कुणी विचारलं की बॉलिंग कुठं शिकलास, तर तो सांगायचा, मरोद्याच्या मैदानावर, माझ्या वडिलांसमोर. या वेळी विचारलं तेव्हा तो म्हणाला, इथंच, कंपनीच्या मैदानावर. आनंदरावांनी ती मुलाखत शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, “चेंडू वर सोडून राहिला नाई आता. दबून टाकते.”

गोलूला तिकीट मिळालं. त्याचा नवा फ्लेक्स वळणावर लागला आहे.

आणि जिच्यासाठी बापानं जीभ विकली ती साक्षी अजून रसमड्याहून संध्याकाळी येते. कारखान्यांच्या मागून एक मोटारसायकल तिच्या पाठोपाठ निघते, लाइट बंद ठेवून, आणि मरोद्याच्या वळणापर्यंत येते. ओव्हरटेक करत नाही, बोलत नाही. मी साक्षीला विचारलं, हे सगळं लिहू का, तुला त्रास होईल. ती म्हणाली, “लिहा ताई. गप राह्यलं तरी गाडी मागं येतेच.” आनंदराव दिवेलागणीला फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. मैदानावर ते आता जात नाहीत. पोट्ट्यांनी दुसरा अंपायर पाहिला, त्यांना हवं तसं बोट वर करणारा.

तुमच्यातलं कुणी आखातात कामाला असेल. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई, कुणाचा मित्र. सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या मैदानावर गेलात आणि एक डावखुरा पोरगा फिरकी टाकताना दिसला, बोलण्यात भिलाईची हिंदी आणि रागात नागपुरी, तर त्याला हे पान वाचायला द्या. मॅच संपायची वाट बघू नका. चेंडू त्याच्या हातात असला तरी थांबवा आणि द्या.